ओढ्यापलीकडची मदत

३ सप्टेंबर, नगर

आज विषय मंजूर झाला. 'मानवतावादी हस्तक्षेप आणि विकसनशील देशांची भूमिका.' या विषयावर आमच्या विभागात मराठीत अजून कुणी लघुप्रबंध केलेला नाही, असं दरंदले मॅडम म्हणाल्या. ते कौतुक होतं की सूचना, ते कळलं नाही. बाकीच्या मुलींनी महिला सरपंच, जिल्हा परिषद, साखर सहकार असे विषय घेतले आहेत. मॅडमनी मलाही विचारलं होतं, "पाथर्डीची ना तू? ऊसतोड घे. घरचंच आहे." मी म्हटलं, घरचं नको. घरचं लिहायला एम.ए. कशाला करायचं.

माझा प्रश्न साधा आहे. एखाद्या देशात सरकारच लोकांना मरू देत असेल, तर बाहेरच्यांनी आत शिरावं की नाही? माझ्या मते शिरावं. पण २००० साली हवानामध्ये शंभरावर गरीब देशांनी एकत्र बसून जाहीर केलं की 'मानवतावादी हस्तक्षेपाचा तथाकथित हक्क' आम्ही नाकारतो. त्या गटात आपणही होतो. मला याचा राग येतो. प्रस्तावनेत मी लिहिलं, 'ज्यांना घरात काही लपवायचं असतं, तेच दार लावून घेतात.' मॅडमनी त्याखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि समासात एकच शब्द लिहिला, 'नेहमी?'

११ सप्टेंबर

वाचन चालू आहे. गरीब देशांनीही हस्तक्षेप केलेले आहेत. व्हिएतनामने कंबोडियात, टांझानियाने युगांडात, आपण एकाहत्तर साली पूर्व पाकिस्तानात. तिन्ही ठिकाणी लोक मरत होते. पण तिघांनीही भर स्वसंरक्षणावर दिला, माणुसकीवर नाही. चांगलं काम केल्यावर त्याचं नाव घ्यायला का लाजावं, ते मला कळत नाही.

आप्पांचा फोन आला होता. पाऊस चांगला आहे, कपाशी कमरेला लागली आहे, बाजरी भरली आहे. "यंदा फडावर थोडं उशिरा गेलं तरी चालंल," म्हणाले. आई-आप्पा दर वर्षी दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात. आमच्या गावातली निम्मी घरं जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. मी पाचवीपर्यंत त्यांच्याबरोबर जात असे, नंतर वसतिगृहात राहिले. घरातली पहिली पदवीधर मी आहे. हे लोक मला फार वेळा सांगतात.

२३ सप्टेंबर

दोन दिवस घरचा फोन लागत नव्हता. आज लागला. ओढा गावात शिरला होता. आमचं घर उंचावर आहे म्हणून वाचलं, पण कपाशी आणि बाजरी दोन्ही गेली. आप्पा हे सगळं एका दमात, कुणा दुसऱ्याचं सांगावं तसं म्हणाले. मग म्हणाले, "तुझं कॉलेज चालू हाय ना?"

सगळ्यात वाईट हाल ओढ्यापलीकडच्या वस्तीचे आहेत. तिथली सात-आठ घरं आमच्याच भावकीतली. पूल वाहून गेल्याने ती तुटली आहेत. कल्याण आणि त्याची आई बनुबाई यांच्या घराची मागची भिंत पडली. कल्याणला सहा महिन्यांचं मूल आहे.

२५ सप्टेंबर

वर्गात मी उठून पाच मिनिटं बोलले. इतकी मदत मिळेल असं वाटलं नव्हतं. आदिनाथ देवळाली प्रवऱ्याचा आहे, घरी बागायत ऊस. त्याने संध्याकाळपर्यंत गावातून एक टेम्पो भरेल एवढा किराणा उभा केला. सोनईच्या मुलींनी चादरी आणि औषधं आणली. आदिनाथ म्हणाला, "आमच्या रानात दर वर्षी पाथर्डीकडच्या टोळ्या असतात. लहानपणी मी त्यांच्या पोरांबरोबर खेळायचो. पण त्यांचं गाव कधी पाहिलं नाही." मी त्याला सांगितलं नाही की मीही तशा एका रानात खेळले आहे.

२६ सप्टेंबर

वाल्मिकतात्यांना फोन केला. ते आमचे सरपंच आणि टोळीचे मुकादमही आहेत, म्हणजे गावातून कोण कुठल्या कारखान्यावर जाणार ते तेच ठरवतात.

"या की," म्हणाले. "किती जन हायेत?"

"दहा-बारा."

"मंग जेवूनच जायचं. माल पंचायतीपुढं उतरवा. कुनाला काय पायजे ते आमाला ठावं हाय, वाटून टाकू. पोरं कुठली?"

"राहुरीकडची. सोनईची पण आहेत."

"म्हंजी फडवाले," तात्या हसले. "येऊ द्या. एकदा त्यानला बी आमच्या पानावर बसवू."

थोड्या वेळाने कल्याणचा फोन. त्याला कुणीतरी सांगितलं होतं. "रेश्माताई, पंचायतीत उतरवलं तर आमच्यापत्तोर काय यीन? मागं टँकर आला तवा बी आमचा नंबर शेवटी, आन पानी सपल्यालं." कारण सगळ्यांना माहीत आहे. मागच्या निवडणुकीत वस्तीने तात्यांच्या विरोधात मतं दिली.

म्हणजे हा तोच प्रश्न आहे जो मी पुस्तकात वाचते आहे. २००८ साली म्यानमारमध्ये चक्रीवादळ आलं. तिथल्या लष्करी सरकारने परदेशी मदत अडवून धरली. जहाजं किनाऱ्याबाहेर थांबून होती आणि आत लोक मरत होते. शेवटी शेजारचे देश मध्ये पडले, त्यांच्यामार्फत मदत आत गेली. पण तोवर किती दिवस गेले. पहिल्याच दिवशी आत शिरायला हवं होतं, असं मी टिपणात लिहून ठेवलं आहे.

शेवगावच्या बाजूने जुनी गाडीवाट आहे. ती गावात न शिरता थेट वस्तीवर निघते.

२८ सप्टेंबर

मदत पोहोचली. सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी निघताना मी सगळ्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, माल थेट वस्तीवर उतरवायचा. दोन, तिथे काहीही खायचं-प्यायचं नाही. आपत्तीत सापडलेल्या लोकांवर मदत करणाऱ्यांनी भार टाकू नये, हे मी वाचलेलं आहे आणि ते मला पटतं. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांच्याकडे जेवायला बसायचं, हे बरं दिसत नाही.

वाटेत टेम्पो दोनदा रुतला. वस्तीतले लोक येऊन ढकलू लागले. बनुबाईही पदर खोचून मागे उभी होती. कल्याण म्हणाला, "आये, तू हो बाजूला, तुझ्यानं ट्येम्पो मागं जाईल." सगळे हसले. वाटप चांगलं झालं. गडबड नाही, ओढाताण नाही. घरागणिक एक पिशवी, दोन चादरी. कल्याणच्या बायकोला, आरतीला, बाळासाठी जास्तीची एक दिली.

मग बनुबाई पडक्या भिंतीच्या आतून परात घेऊन आली. "हात धुवा रं लेकरांनो. पिठलं-भाकर हाय, दुसरं काय न्हाई."

सोनईच्या एका मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आजी, आम्ही डबे आणलेत." डबे आणले नव्हते. बनुबाई टेम्पोकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "रेश्मे, तू तरी?"

"नको आजी. तुम्हालाच पुरवून ठेवा."

तिने परातीवर फडकं टाकलं आणि ती आत घेऊन गेली. त्यानंतर फोटो झाले. फोटो काढणारा मुलगा तिला म्हणत होता, पिशवी थोडी वर धरा. तिने धरली.

परत येताना आदिनाथ गाडी चालवत होता. म्हणाला, "एकेक घास घ्यायला हवा होता." मी नियम सांगितला. "नियम बरोबर आहे," तो म्हणाला आणि त्याने गाडीचा वेग वाढवला. त्याला भूक लागली असणार. आम्ही सगळेच सकाळपासून उपाशी होतो.

गावात गेलो नाही. आई-आप्पांना भेटायचं राहून गेलं.

३० सप्टेंबर

पेपरात आलं आहे. बनुबाईचा पिशवी घेतलेला फोटो, खाली 'विद्यार्थी मदतीला धावले. ग्रामपंचायतीने वाऱ्यावर सोडलेल्या वस्तीला आधार'. वाऱ्यावर सोडलेल्या, असं आमच्यापैकी कुणीही म्हणालं नव्हतं. पण ते फारसं चूकही नाही. विभागप्रमुखांनी अभिनंदन केलं. दरंदले मॅडमनी बातमी दोनदा वाचली आणि विचारलं, "गावातून काय प्रतिक्रिया?" मी म्हटलं, अजून काही नाही. "बरं," म्हणाल्या.

२ ऑक्टोबर, गावी

दसरा. संध्याकाळी सगळं गाव मारुतीपुढे जमलं. आपट्याची पानं देताना मी वाल्मिकतात्यांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या हातातली पानं घेतली, डोक्यावर हात ठेवला. पण माझ्या हातात पानं दिली नाहीत. गर्दी होती, विसरले असतील. वस्तीतले लोक आले नव्हते. पूल अजून झालेला नाही.

जेवताना आईला विचारलं, गावाला राग आला आहे का.

"राग कशाचा," आई म्हणाली. "त्या दिशी पंगत केल्ती. घरटी पायली-निम्मं जे वाळल्यालं हुतं ते पीठ जमा केलं. वाल्मिक म्हनला, फडवाले येत्यात, भात बी करा. तुझे आप्पा वाढायला उभे. ऊन उतरलं तरी कोनी आलं न्हाई. मंग कल्याणचा चुलता सांगत आला, ट्येम्पो येऊन गेला बी."

"मला कुणी सांगितलं नाही पंगतीचं."

"वाल्मिकनं सांगितलं न्हवतं?"

सांगितलं होतं. मला ते बोलण्यातलं बोलणं वाटलं होतं.

"मग त्या जेवणाचं काय केलं?"

"आमीच खाल्लं. गाव बसलं आन गावानंच खाल्लं. आमच्यात पानं वाढून ठेवली आन पाव्हना आला न्हाई, असं मयताला बी झालं न्हवतं." आप्पा ताटावरून उठून हात धुवायला गेले. आई आवाज न बदलता पुढे म्हणाली, "त्यांच्या रानात आमी सहा-सहा म्हैने ऱ्हातो. त्यांचं पानी पितो, त्यांच्या बांधावर चूल मांडतो. ते एकदा आमच्या दारात आले आन पान्याचा तांब्या बी घेतला न्हाई."

मी आईला समजावलं की आम्हाला त्यांच्यावर ओझं टाकायचं नव्हतं. ती म्हणाली, "व्हय, ते कळलं."

७ ऑक्टोबर, नगर

तिसरं प्रकरण लिहून झालं. 'सार्वभौमत्वाचा अहंकार' असं शीर्षक दिलं होतं. मॅडमनी 'अहंकार' खोडून 'आग्रह' केलं. मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, "अहंकार हे तुझं मत आहे. आग्रह हे त्यांचं वागणं आहे. तुला मत लिहायचंय की वागणं?"

१३ ऑक्टोबर

कल्याणचा फोन. तात्यांनी यंदाच्या टोळीतून वस्तीला वगळलं आहे. वस्तीतली बाकीची घरं शेवगावच्या एका मुकादमाबरोबर जातील, कर्नाटकात. कल्याणला तिथे जायचं नाही.

"परक्या टोळीत आरती लेकरू घिऊन कशी यीन? आपल्या टोळीत निदान मुक्ताकाकी तरी हाय." मुक्ताबाई म्हणजे माझी आई. "आमी दोघं सरीत असल्यावर लेकराकडं वळखीचं कोन बघनार? पाचटात ठिवलं आन कुनाचा बैल आला तर?"

मी विचारलं, टोळीत नाही गेलात तर?

"तर काय. रानात चिखल हाय, घराला भिंत न्हाई. बसू तुमची चादर पांघरून." मग म्हणाला, "तुमाला बोलत न्हाई ताई. तुमच्या त्या कारखान्याकडच्या पोरांनला इचारा, कोनी घेतं का आमाला."

१५ ऑक्टोबर

आदिनाथने वडिलांना विचारलं, वडिलांनी कारखान्यातल्या ओळखीच्यांना. उत्तर एकच. टोळ्या मुकादमामार्फत येतात. सुटं जोडपं कुणी घेत नाही, कारण त्यांची मोळी गाडीत कोण भरणार, आजारी पडले तर त्यांच्या वाटणीचं कोण तोडणार. आदिनाथला वाईट वाटलं. तो म्हणाला, "आपण त्यांना आणखी किराणा देऊ शकतो." मी म्हटलं, हो. आम्ही कॅन्टीनमध्ये बसलो होतो. त्याने माझ्यासाठी वडा मागवला होता, तो तसाच राहिला.

१७ ऑक्टोबर

आज मॅडमना सगळं सांगितलं. प्रबंधाचा भाग म्हणून नव्हे, असंच. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "लिबियाच्या वेळी भारत मतदानात तटस्थ राहिला. तेव्हा तू शाळेत असशील. तो भ्याडपणा होता, असं तुझ्या प्रकरणात आहे."

"हो."

"त्यानंतर ब्राझीलने काय मांडलं ते वाचलंस?"

वाचलेलं होतं. जे वाचवायला जातात त्यांनी वाचवताना आणि वाचवल्यानंतर काय केलं, याचा हिशेब त्यांनी द्यावा, असं साधारण ते म्हणणं होतं. मी ते तळटिपेत टाकलं होतं.

"तळटिपेतून वर आण," मॅडम म्हणाल्या. "आणि गावी जा."

२४ ऑक्टोबर, गावी

भाऊबीज झाली. आज सकाळी तात्यांकडे गेले.

ते ओट्यावर दाढी करत होते. आरशातूनच मला पाहिलं. "या. तुझा बाप गहिनीनाथ सांगत हुता, तू परदेशाचा अभ्यास करती. कुनी कुनाच्या घरात कवा घुसायचं, त्याचा."

"साधारण तसंच."

"मंग काय निघालं?"

"अजून चालू आहे."

"चालू द्या. आमचा झाला."

आतून तात्यांची बायको मनकर्णाकाकू चहा घेऊन आल्या. मी तो लगेच घेतला. तात्यांनी ते पाहिलं. मी कल्याणचं काढलं. म्हटलं, राग माझ्यावर असेल तर माझ्यावर काढा.

"तुझ्यावर काढून काय करू? तू काय ऊस तोडती?" ते गालाला साबण लावत राहिले. "वस्तीनं मला मतं दिली न्हाईत. तरी टोळीत हुते का न्हाई? हुते. का? तर त्यांनला दुसरं कोनी न्हाई, हे त्यांनला ठावं आन मला बी ठावं. आता त्यांनला फोटोवाले हायेत. पेपरवाले हायेत. मी त्यांनला वाऱ्यावर सोडलंय असं पेपरात हाय. मंग सोडलंच."

"तात्या, खरं सांगा. माल पंचायतीपुढे उतरवला असता, तर तुम्ही वस्तीला दिला असता?"

"दिला असता."

"सगळ्यांसारखा?"

त्यांनी वस्तरा पाण्यात बुडवला. "न्हाई. थोडा कमी. आन थोडा उशिरा."

मला वाटलं होतं ते नाकारतील.

"पन मी दिला असता," तात्या म्हणाले. "मंग त्यांचं पुढचं बरंवाईट माझ्या गळ्यात असतं. आता ते तुमच्या गळ्यात हाय, आन तुमी नगरला."

काकू म्हणाल्या, "आवो, पोरीला चहा तरी पिऊ द्या. सकाळी सकाळी भाषन."

"पिऊ दे की. चहा कुटं धरलाय मी." मग माझ्याकडे वळून, जरा बऱ्या आवाजात म्हणाले, "दोन्ही ट्रॉल्या भरल्यात. कल्याणच्या जागी बीडकडचा कोयता घेतलाय, त्याला शबूद दिलाय. तो मोडत न्हाई. गावातला एखादा कोयता उतरला तर कल्याणला चढवतो, त्याच्या मतासकट. पन उतरनार कोन? तू इचार दारोदार."

मी कुणाला विचारणार? हंगाम सोडा असं सांगणं म्हणजे वर्ष सोडा असं सांगणं आहे, आणि यंदा कुणाच्या रानात काही उरलेलं नाही.

जेवताना हे सगळं घरी सांगितलं. आप्पांनी मध्येच विचारलं, "उतरला तर चढवतो, असं म्हनला वाल्मिक?"

"हो."

"शबूद दिला?"

"म्हणाले तसं."

आप्पांनी आईकडे पाहिलं. आईने त्यांना भाकरी वाढली.

२७ ऑक्टोबर, गावी

कल्याणचं काम झालं. आज सकाळी त्याचा फोन आला, तात्यांनी त्याला बोलावून घेतलं. तो ओझं उतरल्यासारखा बोलत होता. मला तात्यांचं आश्चर्य वाटलं. समोर बसून, दोष न देता बोललं की माणूस ऐकतो. बळजबरीने आत शिरण्याऐवजी संवाद, आणि संवाद कुणाशी, तर ज्याच्या हातात दार आहे त्याच्याशी. दुपारी चौथ्या प्रकरणात असं वाक्य लिहिलं: 'सार्वभौम सत्तेशी आदराने केलेला संवाद हाच टिकाऊ हस्तक्षेप होय.' मॅडमना आवडेल असं वाटतं.

घरचं लिहायचं तर, यंदा आई-आप्पा फडावर जाणार नाहीत. आईचा गुडघा दुखतो. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. ती म्हणाली, बसून राह्यलं की बरं होतं. आप्पा सकाळी दोन्ही शेळ्या घेऊन तिसगावच्या बाजाराला गेले होते. रोजगार हमीचं काम निघतंय का ते पंचायतीत विचारून आले.

३० ऑक्टोबर, गावी

आज टोळी गेली. नगरला काल परतायचं होतं, पण कल्याणला निरोप द्यावा म्हणून थांबले.

ट्रॅक्टर मारुतीपुढे उभा होता. मागे दोन ट्रॉल्या, त्यात गोधड्या, पत्र्याच्या पेट्या, कोंबड्या, बांबू, वर माणसं. बनुबाई नातवाला कडेवर घेऊन आली होती. ती वस्तीवरच राहणार आहे, पण मूल शेवटपर्यंत सोडत नव्हती. कल्याण म्हणाला, "आये, दे आता, का तुलाच चढवू?" माझ्याशी ती नेहमीसारखी बोलली. अभ्यास कसा चाललाय विचारलं. मी तिला एखादा शब्द बोलायचं ठरवून गेले होते, पण तिने विचारल्यावर अभ्यासाचंच बोलले.

आरतीला ट्रॉलीत नीट जागा मिळेना. तेव्हा आई चाकावर पाय देऊन वर चढली, दोन पेट्या सरकवल्या, आमच्या घरची जाड गोधडी अंथरून बाळाची जागा केली. आजूबाजूच्या बायकांना म्हणाली, "दुपारी हिचं लेकरू आळीपाळीनं बघा. माझी पाळी शारदानं करायची." मग ट्रॉलीच्या काठावर बसली आणि खाली उडी मारली.

मी म्हटलं, "आई, गुडघा."

"काय झालंय गुडघ्याला," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे न बघता पदर झटकला.

ट्रॅक्टर सुरू झाला. तात्या पुढे मोटरसायकलवर होते. ते थांबले आणि आप्पांना म्हणाले, "गहिनीनाथ, पुढल्या साली तुमची जागा धरून ठिवतो. शबूद." आप्पांनी हात वर केला. तात्यांनी मलाही हात केला.

टोळी वळणावरून दिसेनाशी झाली. मी आप्पांना विचारलं, "कसली जागा?"

"चल, चहा घिऊ," आप्पा म्हणाले.

घरी येऊन चहा घेतला. आप्पा चहा पिऊन पंचायतीत गेले. मी चौथं प्रकरण काढलं आणि परवाचं वाक्य खोडलं. त्या जागी दुसरं काही सुचलं नाही. वही मिटली.

टोळी गेली की आमच्या घराला कुलूप लागतं. या दिवसांत मी घर कधीच पाहिलेलं नाही. ऊन मागच्या दाराने थेट चुलीपर्यंत येतं, हे मला माहीत नव्हतं. आईलाही नसावं. ती दारात उभी राहून काय आवरावं ते शोधत होती. काहीच नव्हतं. मग आत आली आणि म्हणाली, "रेश्मे, रातीला काय करू जेवायला?"